लेंडीला नदी म्हणायचं का

यंदा कानबाईला गावी गेलो तर विसर्जनासाठी छोटा हत्ती सांगून ठेवलेला. नागपंचमी झाली की येणारा पहिला रविवार म्हणजे आमच्याकडे कानबाई देवीचा सण, आणि खान्देशी माणूस पुण्यात असो की सुरतला, त्या दिवशी त्याला घर गाठावंच लागतं, कारण नैवेद्याच्या रोटांचे गहू घरातल्या माणसांच्या हिशोबाने मोजतात आणि ते रोट भाऊबंदांनीच संपवायचे असतात, शेजाऱ्यापाजाऱ्याला वाटता येत नाहीत. रविवारी रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. तर मी पाहतोय, दारात टेम्पो उभा, त्यात सतरंजी टाकलेली, डिजेचा एक डबा बांधलेला आणि काकू डोक्यावर पाट घेऊन वर चढायचा प्रयत्न करतायत, मागून दोन पुतणे त्यांना उचलतायत.

म्हटलं, कुठे निघालो आपण?

तर म्हणे बोरीवर. अकरा किलोमीटर!

आमच्या घरामागे दोनशे पावलांवर पाणी वाहतं. मी लहान होतो तेव्हा कानबाई तिथेच जायची, आम्ही पोरं पुढे नाचत, बायका मागून गाणी म्हणत, आणि परत येताना त्याच पाटावर तिथली मूठभर रेती घेऊन यायचो, ती आधी देवघरात आणि मग घराच्या चार कोपऱ्यांत टाकायची. मी काकूंना एवढंच म्हणालो की आपल्या लेंडीत का नाही, तर त्यांनी टेम्पोतूनच माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गायीला काठी मारली. "त्या गटारनी रेती देवघरमा? नही बा!"

मग गेलो बोरीवर. पण डोक्यात ते वाक्य राहिलं.

तर हा आमचा लेंडी नाला. हसून घ्या एकदा. गावोगावी लेंडी नावाचे नाले आहेत, जळगाव शहरातही आहे, पण शाळेत असताना मला वाटायचं की ही बदनामी फक्त आमच्याच वाट्याला आली. कुठे राहतो असं कोणी विचारलं की मी "स्टँडच्या मागे" सांगायचो. कॉलेजला अमळनेरला गेलो तिथे एका मित्राला चुकून खरं सांगितलं, तीन वर्षं त्याने मला लेंड्या म्हणून हाक मारली, अजूनही लग्नाच्या पत्रिकेवर तेच लिहून पाठवतो.

नाला गावाच्या दक्षिणेच्या टेकाडांतून येतो, गावातून वाकडातिकडा जातो, पुढे बोरीला मिळतो, बोरी तापीला आणि तापी सुरतेपाशी समुद्राला. म्हणजे आमच्या स्टँडमागच्या हॉटेलवाल्याने सकाळी फेकलेलं उष्टं तत्त्वतः अरबी समुद्रापर्यंत जाऊ शकतं, वाटेत प्लास्टिकच्या पिशव्यांना अडकलं नाही तर. काठाला वेडी बाभूळ माजलीय, जिथे बाभूळ नाही तिथे बेशरम, आणि पाण्याचा रंग... जाऊ द्या. त्याच रंगावरून मला आमच्या बाईंबद्दल सांगायचंय.

बाई म्हणजे ड्रॉइंगच्या बाई. आम्हाला पाचवी ते दहावी त्याच होत्या, त्या काळी मॅडम म्हणायची पद्धत आमच्याकडे आली नव्हती. एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा करून आलेल्या, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला पोरं बसवायच्या, आणि स्थिरचित्र काढायला कायम तोच पितळी तांब्या आणि तेच दोन लिंबू. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली त्यांना. मला वाटलं होतं नातवंडं सांभाळत असतील. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पुलावरून जाताना पाहिलं तर खाली नाल्याच्या कोरड्या काठावर एक बाई वाकून खुरप्याने माती खरवडतेय, डोक्यावर पदर, शेजारी श्रीखंडाचे रिकामे डबे ओळीने मांडलेले. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीचं ऊन. मी हाक मारली, बाई! त्यांनी वर पाहिलं आणि पहिलं वाक्य काय, तर "तू अजून पेन्सिल तशीच धरतोस का रे, मुठीत?"

त्यांच्या घरी गेलो. मागची पडवी म्हणजे सगळा कारखाना. मला वाटत होतं कॅनव्हास वगैरे असेल, ट्यूब असतील. तिथे बादल्या होत्या. एका बादलीत माती भिजवलेली, बाई ती हाताने ढवळतात, जाडी रेती खाली बसते, वरचं गढूळ पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात ओततात, ते तसंच रात्रभर नितळू देतात, सकाळी वरचं पाणी काढून टाकायचं आणि खाली जी मऊ माती राहते ती परत भिजवायची, परत ओतायची. असं चार-पाच वेळा. शेवटी ताटलीत जे उरतं ते दुधावरच्या सायीसारखं, बोटाला लागलं तर कणसुद्धा जाणवत नाही. तो रंग. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळवून त्यात घोटायचा आणि लावायचा. नाल्याच्या दीड किलोमीटरच्या पट्ट्यात त्यांना सात वेगळे रंग मिळालेत म्हणे, मी मोजले नाहीत पण डबे सातच होते, पिवळट, राखाडी, विटकरी, एक अगदी चॉकलेटसारखा. काळा मात्र मातीचा नाही. बाभळीच्या शेंगा उकळून त्या काढ्यात गंजलेला खिळा टाकून ठेवायचा, शेंगांतलं टॅनिन आणि खिळ्याचं लोखंड यांची गाठ पडली की दोन दिवसांत शाई तयार, आणि ती एवढी पक्की की बाईंच्या नखांवरून महिना महिना जात नाही. पळसाच्या फुलांचा केशरीपण करून पाहिला होता होळीच्या सुमारास, पण तो उन्हात उडतो, आता नाही करत.

कागदही घरचा. यावल साइडला त्यांची बहीण दिलीय, तिकडे केळीचा घड काढला की खोड बांधावर पडतं, ते पोत्यात भरून आणतात, तुकडे करून धुण्याचा सोडा टाकून शिजवायचे, कुटायचे, आणि लगद्याचा चौकटीवर कागद काढायचा. जाडाभरडा, कडा फाटक्या. शिजताना वास असा येतो की शेजारीण रागावते.

मला चित्रातलं काही कळत नाही हे आधीच सांगतो. खान्देशात चित्र-फोटो म्हटलं की आम्हाला चाळीसगावचे केकी मूस आठवतात, जे वर्षानुवर्षं घराबाहेर पडले नाहीत आणि 1989 साली गेले तोवर बंगल्यातच काम करत राहिले. बाई त्याच्या बरोब्बर उलट्या, त्या घरात सापडतच नाहीत. पण त्यांचं एक चित्र मी पाहिलं आणि खरंच बराच वेळ उभा राहिलो. गुंडाळी आहे ती, कागदाला कागद चिकटवून, पडवीभर लांब. नाला वरून पाहिल्यासारखा. टेकाडापासून सुरुवात, जिथली माती जिथे आहे तिथे तोच रंग, म्हणजे स्मशानामागच्या पिवळ्या दरडीचा भाग त्या दरडीच्याच मातीने रंगवलाय. मध्ये मध्ये पक्षी. शेकाट्या आहेत, काडीसारखे लाल पाय असलेल्या, घाण पाण्यातपण मजेत चरतात त्या. पाणकोंबडी आहे. खंड्या एकच आहे आणि तो वरच्या टोकाला, गावाच्या आधी. मी विचारलं, गावात खंड्या का नाही काढला, तर म्हणाल्या, दिसला असता तर काढला असता. त्याला मासा दिसायला पाणी नितळ लागतं. आणि गाव सुरू होतं तिथून चित्रात मातीचे रंग संपतात, नुसती खिळ्याची काळी शाई. पुलाखाली तर एवढी घट्ट की कागद चुरगाळलाय.

आता नावाचं प्रकरण.

बाईंचं म्हणणं होतं की या नाल्याचं नाव बदला. त्यांनी नगरपालिकेत अर्ज दिला, लेंडी नाला हे नाव काढून करंजी नदी करावं, कारण त्यांच्या आजोळच्या म्हाताऱ्यांकडून त्यांनी ऐकलं होतं की काठाने सगळी करंजाची झाडं होती. अर्जासोबत त्या गुंडाळीचे फोटो. आवक शिक्का घेतला, पोच घेतली. तिथल्या क्लार्कने अर्ज वाचला आणि अगदी मनापासून विचारलं, "बाई, नाल्याला कशाला लागतं नाव?" तो वाईट माणूस नाही, त्याला खरंच प्रश्न पडला होता. नंतर भूमी अभिलेखमध्ये जाऊन गावनकाशाची नक्कल काढली, तर त्यावर दोन वाकड्या रेघा आणि मध्ये नुसतं "नाला". लेंडीपण नाही!

गावात चर्चा झालीच. आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर दोन दिवस धुमाकूळ, एकाने लिहिलं आधी कचरा उचला मग बारसं करा, दुसऱ्याने कुठल्यातरी पुढाऱ्याचं नाव सुचवलं, तिसऱ्याने त्याच्या विरोधी पुढाऱ्याचं, मग ॲडमिनने ग्रुप बंद केला. मी पण आधी कचरावाल्याच्याच बाजूने होतो. नाव बदलून काय होतं, हे मी लिहिलंसुद्धा होतं तिथे, आता लाज वाटते.

कारण नाव बदलणं आम्हा लोकांना काही नवीन नाही. खान्देश या नावावरूनच भांडण आहे, कान्हाचा देश म्हणणारे आहेत, खानाचा देश म्हणणारे आहेत. 1601 साली अकबराने असीरगड घेतला आणि मुलाच्या, दानियालच्या नावावरून या मुलखाचं नाव दानदेश करून टाकलं. बादशहाचा हुकूम! कोण म्हणतं आज दानदेश? आणि उलट एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते असं रुळलं की नव्या पोरांना एदलाबाद सांगितलं तर गुगल करतात. 2018 मध्ये विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव लागलं, तेही तोंडात बसलं, जरी पूर्ण नाव फक्त मार्कशीटवरच येत असलं तरी. डिसेंबर 2020 मध्ये सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं, तेव्हा कोणी म्हणालं का की आधी वस्तीत नळ द्या मग नाव बदला? म्हणजे म्हणाले असतीलही, पण ज्याला रोज तो पत्ता फॉर्मवर लिहावा लागत होता तो नाही म्हणाला.

आणि नाला-नदी हा फरक शब्दांपुरता आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी मिठी आठवावी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी माझा मामेभाऊ कलिन्याला एका ऑफिसच्या जिन्यावर रात्रभर बसून होता, आणि तो सांगतो की मिठी नावाची नदी मुंबईत आहे हे त्याला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. आठ वर्षं तो तिच्यावरून ये-जा करत होता. नाला समजत होता तो. विहार-पवईचं जादा पाणी घेऊन माहीमच्या खाडीला जाणारी चांगली नदी, पण नाला म्हटल्यावर भिंती घाला, भराव टाका, वर शेड बांधा, कोण विचारतंय. नागपूरचं तर आख्खं शहर नाग नदीच्या नावावर उभं आहे आणि वर्षानुवर्षं लोक तिला नाग नालाच म्हणत आले. आमच्याकडे जलयुक्त शिवारमध्ये गावोगाव नाला खोलीकरण झालं, जेसीबी आले, पाणीही थांबलं काही ठिकाणी, मी वाईट नाही म्हणत, पण कागदावर नाला असला की जेसीबीवाल्याचा हात सैल सुटतो एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर मी बाईंच्या बाजूला आलो. करंजी नदी, छान नाव आहे, पत्रिकेवर लिहायला पण बरं. आणि नेमकं तेव्हाच बाईंना एक माणूस भेटला आणि सगळं उलटं झालं.

तो होता एक म्हातारा ठेलारी. दरवर्षी दिवाळीनंतर त्यांचे मेंढ्यांचे कळप आमच्या शिवारातून जातात, शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवायला सांगतात, दोन रात्री कळप बसला की लेंडी आणि मूत दोन्ही रानात, वरून शेतकरी त्यांना धान्य देतो, पैसे देतो. बाई काठावर माती काढत होत्या, हा मेंढ्यांना पाणी दाखवायला वरच्या अंगाला आलेला, जिथे पाणी अजून बरं आहे. बोलता बोलता बाईंनी त्याला उत्साहाने सांगितलं की आम्ही या नाल्याचं घाणेरडं नाव बदलतोय. मी त्या दिवशी गावातच होतो, बाईंचे डबे उचलायला गेलो होतो, म्हणून हे मी स्वतः ऐकलंय. म्हातारा काठी टेकून उभा राहिला. म्हणाला, "घाणेरडं? बाई, लेंडी म्हंजे सोनं शे. तुम्हले घाण वाटस, वावरले नही वाटत."

बाई गप्प.

मग तो म्हणाला की आमना बाप, आजला याच काठले मेंढ्या बसाडेत, म्हणून तर लेंडी. तेव्हा इथलं पाणी कळप प्यायचे. आणि मग अगदी शांतपणे, मेंढ्यांकडे बघत, "गटार त्ये तुम्हीन करं, आमन्या मेंढ्यास्नी नही."

हे नाव खरंच तिथूनच आलं का, ते मी कुठल्या कागदावरून सांगू शकणार नाही. पण मला ते पटलं, आणि लाजही वाटली, कारण तीस-पस्तीस वर्षं मी ज्या शब्दाला लपवत होतो तो शब्द मुळात शिवी नव्हताच. ज्या शिवारात खताची गोणी एवढी महाग झालीय तिथे लेंडीखत सांगून मिळत नाही, माझा चुलतभाऊ कपाशीच्या रानात मेंढ्या बसवायला आधीपासून नंबर लावून ठेवतो. आणि आम्ही गावातले शिकलेले लोक त्या नावाने नाक मुरडणार आणि तिथे करंजी नाव देणार, म्हणजे या माणसाच्या आजल्याला नकाशावरून पुसणार, जो तसाही नकाशावर नव्हता.

बाई घरी जाताना एक अक्षर बोलल्या नाहीत. रात्री नऊला फोन आला. "अर्ज चुकला रे माझा. खोडायचा शब्द दुसराच होता."

लेंडी राहू दे. नाला काढा.

दुसरा अर्ज दिला. परत आवक, परत पोच. विषय लेंडी नाल्यास लेंडी नदी म्हणून नोंद करणेबाबत. तोच क्लार्क. त्याने या वेळी काही विचारलं नाही, चहा मागवला. अर्जाचं पुढे काही झालेलं नाही, सर्वसाधारण सभेत विषय येईल असं सांगतात, मला विशेष आशा नाही. एक मात्र झालं, त्या लांब गुंडाळीच्या वरच्या टोकाला बाईंनी नवीन कागद जोडला, त्यात केळीच्या लगद्यात त्यांनी लेंड्याच भिजवून कुटून टाकल्यात, मेंढीने खाल्लेल्या गवताचे बारीक धागे त्या कागदात दिसतात, हिरवट-तपकिरी. त्यावर काहीच काढलेलं नाही. वास येतो का म्हणून मी हुंगून पाहिला, नाही येत. पावसात भिजलेल्या गवताच्या गंजीसारखा थोडासा, बस.

आणि पूल. पुलाच्या कठड्यावर पिवळ्या पट्ट्यावर काळ्या ऑइलपेंटने "लेंडी नाला" असं लिहिलेलं आहे, कुठल्यातरी ठेकेदाराच्या पेंटरने. मे महिन्यात एक दिवस सकाळी लोकांनी पाहिलं तर "नाला"वर मातीच्या रंगाचा एक जाड पट्टा आणि त्यावर चॉकलेटी अक्षरात "नदी". कोणी लिहिलं ते सगळ्या गावाला कळलं कारण अक्षर फळ्यावरचं, दोन पिढ्यांनी वाचलेलं. कोणी तक्रार केली नाही. रिक्षावाल्यांनी फोटो काढले. स्टँडवरच्या एका पोराने म्हणे मुद्दाम "नदीपलीकडे, नदीपलीकडे" ओरडून शीट भरले, एक दिवस.

मग जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि सगळं धुऊन गेलं. बाभळीचा डिंक, पाणी लागलं की सुटतो. माती कठड्यावरून ओघळली आणि खाली नाल्यात गेली, जिथून आणली होती तिथेच. वर परत काळंकुट्ट "लेंडी नाला".

कानबाईच्या दिवशी बोरीवरून येताना आमचा छोटा हत्ती त्याच पुलावर अडकला, पुढे ट्रॅक्टर आडवा. पाटावरची बोरीची रेती काकूंनी पदराखाली झाकून घेतलेली. मी कठड्याकडे पाहत होतो, पिवळ्या पट्ट्याच्या खालच्या कडेला चॉकलेटी ओघळ अजून दिसत होते, चार-पाच. काकूंनीपण पाहिलं. "तुन्या बाईना रंग का?" म्हणाल्या. हो म्हटलं. त्या खाली पाण्याकडे बघत बसल्या, पावसाचं पाणी होतं, तांबडं, पिशव्या वाहून गेलेल्या, त्या दिवशी ते खरंच बरं दिसत होतं. ट्रॅक्टर सरकला आणि आम्ही निघालो.

संध्याकाळी बाईंकडे गेलो. रोट नेता येत नाहीत म्हणून रिकाम्या हाताने. पडवीत बादल्या भरलेल्या, खिळा काढ्यात पडलेला. म्हटलं, बाई, यंदा सरळ ऑइलपेंट घ्या ना, मी आणून देतो डबा, पाच-सहा वर्षं हलणार नाही.

"ऑइलपेंटने त्यांनी लिहिलंय ना," बाई म्हणाल्या आणि ताटलीतला रंग बोटाने ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या की पाऊस संपला की परत लिहायचंय, दिवाळीला येशील तेव्हा पाव किलो डिंक घेऊन ये, बाभळीचाच बघून घे, लाडवाचा नको.